कोठडीच्या आधीचे अंदमान

मराठी मनातले अंदमान बहुधा ४ जुलै १९११ या तारखेला सुरू होते. त्या दिवशी विनायक दामोदर सावरकर पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन पोर्ट ब्लेअरच्या बंदरात उतरले, सेल्युलर जेलच्या दारातून आत गेले, आणि पुढे १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ने तेथील कोठडी, कोलू आणि कारागृहाधिकारी बारी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवले. परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावात ज्याने आयुष्यात भरती-ओहोटी पाहिलेली नाही अशा माणसालाही अंदमान हे नाव ठाऊक असते ते याच वारशामुळे. म्हणून मराठवाड्यातून या बेटांकडे निघणारा माणूस पर्यटक कमी आणि यात्रेकरू अधिक असतो. ही श्रद्धा मोलाची आहे आणि ती टिकली पाहिजे. पण तिच्या जोडीला एक तोटाही होतो. कारागृहाचे दर्शन झाले की उरलेली बेटे सहलीच्या यादीतील ‘पॉइंट’ होऊन बसतात, आणि जेथे माणसे हजारो वर्षे राहत आली त्या भूमीचा इतिहास जणू एका इमारतीपासून सुरू होतो असे वाटू लागते. वास्तविक तेथील अरण्य, समुद्र आणि मूळ रहिवासी यांना बाजूला ठेवून ते कारागृहसुद्धा नीट उमगत नाही.

अंदमान आणि निकोबार ही बंगालच्या उपसागराच्या पूर्व कडेला दक्षिणोत्तर पसरलेली बेटांची माळ म्हणजे म्यानमारमधील आराकान पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला पुढचा भाग असून, पाण्यावर आलेली तिची शिखरे आज बेटे म्हणून ओळखली जातात. लहानमोठी बेटे, खडक आणि सुळके मिळून त्यांची संख्या आठशेवर जाते, मात्र मनुष्यवस्ती त्यांपैकी तीस-पस्तीस बेटांवरच आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३,८०,५८१ इतकी भरते. उत्तरेकडील अंदमान समूह आणि दक्षिणेकडील निकोबार समूह यांच्यामध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची ‘दहा अंश खाडी’ आहे. दहाव्या अक्षांशावर असल्याने तिला हे नाव मिळाले. भारतीय पर्यटकाला अंदमानातील प्रमुख बेटांवर जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, परंतु निकोबार समूह हा आदिवासींसाठी राखीव असल्यामुळे सामान्य पर्यटनाला बंद आहे, आणि तो तसा असणेच योग्य आहे.

परभणी जिल्ह्यातून या प्रवासाची सुरुवात मनमाड-काचीगुडा लोहमार्गाने सोयीची पडते. परभणी हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता आणि येथील माणसाला दवाखाना, व्यापार, शिक्षण यांसाठी हैदराबादची वाट जुनीच ठाऊक आहे. हैदराबाद किंवा चेन्नईहून विमानाने दोन-अडीच तासांत वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठता येतो, तर चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून निघणाऱ्या जहाजाला सुमारे तीन दिवस लागतात. वेळ हाताशी असेल तर एका बाजूचा प्रवास जहाजाने करावा, कारण ‘काळे पाणी’ या शब्दामागचे अंतर विमानाच्या खिडकीतून जाणवत नाही. राजधानीचे पोर्ट ब्लेअर हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम असे करण्यात आले असले, तरी बेटांवरील बोलण्यात जुने नाव अजून रुळलेले आहे.

पोहोचल्यानंतर पहिला धक्का घड्याळाचा बसतो. श्री विजयपुरम हे परभणीच्या सोळा अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे झरीच्या शिवारापेक्षा तेथे सूर्य तासाभराहून अधिक आधी माथ्यावर येतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच चालते. हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास तांबडे फुटते आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडू लागतो, त्यामुळे सहलींच्या बोटी भल्या सकाळी सुटतात आणि दुपारी तीननंतर किनारे रिकामे होऊ लागतात. दुसरा धक्का हिरवाईचा. परभणीत वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही दोन-चार जोरदार सरींत उरकतो. अंदमानात नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा मिळून जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि भूभागाचा फार मोठा हिस्सा वनाखाली आहे.

सेल्युलर जेलची बांधणी १८९६ ते १९०६ या काळात झाली. मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात दिशांना सात तिमजली इमारती निघतात आणि प्रत्येकीचा दर्शनी व्हरांडा शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे येतो, अशी ती रचना आहे. त्यामुळे मनोऱ्यावरचा एक पहारेकरी सर्वांवर नजर ठेवू शके आणि कोणत्याही कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहरा दिसत नसे. सुमारे सातशे कोठड्यांपैकी प्रत्येक साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटरांच्या आत-बाहेर रुंद असून, उजेडासाठी पाठीमागच्या भिंतीत तीन मीटर उंचीवर एक झरोका ठेवलेला आहे. एका गोष्टीपाशी मात्र प्रत्येक प्रवाशाने थांबून पाहावे, ती म्हणजे दाराची कडी. लोखंडी गजांच्या दारापासून निघालेला लांब अडसर भिंतीत कोरलेल्या कोनाड्यापर्यंत जातो आणि कुलूप त्या कोनाड्याच्या आत बसते. गजांतून हात कितीही लांबवला तरी बोटे तेथवर पोहोचत नाहीत. ज्याने ही कडी आखली त्याने माणसाच्या हाताची लांबी आधी मोजली असली पाहिजे, आणि साम्राज्याच्या क्रूरतेविषयी चार व्याख्याने ऐकून जे समजत नाही ते या कोनाड्यापाशी समजते.

अंगणातील कोलू, म्हणजे बैलाऐवजी माणूस जुंपलेला तेलघाणा, हा त्या शिक्षेचा दुसरा साक्षीदार आहे. दिवसाला तीस पौंड तेल पाडण्याची सक्ती होती, आणि ज्याला कोलू नसे त्याला नारळाची सोडणे कुटून काथ्या काढावा लागे. बाबाराव सावरकर धाकट्या बंधूंच्या आधीच तेथे पोहोचले होते. वामनराव जोशी, बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, हेमचंद्र कानुनगो यांच्यासारखे नाशिक आणि बंगालमधील क्रांतिकारक त्याच भिंतींत होते. आणि १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नामदास यांना प्राण गमवावे लागले. सावरकर बंधू १९२१ साली मुख्य भूमीवर आले, पण कारागृहातील राजकीय कैद्यांची कहाणी त्यानंतरही सतरा वर्षे चालू राहिली, हे मराठी मार्गदर्शकांकडून क्वचितच सांगितले जाते. भूकंप, जपानी अंमल आणि स्वातंत्र्यानंतरची पाडापाडी यांतून सातांपैकी तीनच इमारती उरल्या असून ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला; पाडलेल्या भागाच्या जागेवर आज गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे आहे.

तथापि हे कारागृह या वसाहतीचा आरंभ नव्हे. आर्चिबाल्ड ब्लेअर हा ‘बॉम्बे मरीन’ या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा अधिकारी होता, आणि याच आरमाराने कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांशी अनेक दशके झुंज घेतली होती. त्याने १७८९ मध्ये येथे पहिली वसाहत वसवली. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये गुंडाळावी लागली. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, सुमारे दोनशे बंदिवान घेऊन दुसरी वसाहत सुरू झाली आणि त्या बंदिवानांकडून पहिले काम करून घेतले गेले ते जंगलतोडीचे. ते जंगल निर्मनुष्य नव्हते. तेथे राहणाऱ्या ग्रेट अंदमानी लोकांनी १७ मे १८५९ रोजी अॅबरडीन येथे वसाहतीवर चाल केली, धनुष्यबाण बंदुकांपुढे टिकले नाहीत, आणि त्यानंतर हळूहळू जवळीक वाढत गेली तसे गोवर, उपदंश यांसारखे रोग त्यांच्यात शिरले. या रोगांशी त्यांच्या शरीराची पूर्वी कधी गाठ पडलेली नसल्यामुळे वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काही हजार असलेला हा समाज १९६१ च्या जनगणनेत अवघ्या एकोणीस जणांवर आला होता. त्यांच्या बो या भाषेची अखेरची जाणकार स्त्री जानेवारी २०१० मध्ये निवर्तली. एकाच राजवटीने एका बाजूला देशभक्तांना येथे आणून पिचवले आणि दुसऱ्या बाजूला येथल्या मालकांना संपवत आणले. कारागृहात डोळे पाणावणाऱ्या प्रवाशाने ही दुसरी बाजूही तितक्याच आदराने मनात ठेवणे आवश्यक आहे.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. मधल्या अंदमानकडे जाणारा मोठा रस्ता जारवा जमातीच्या राखीव अरण्यातून काढलेला आहे. जारवा हे शिकार, मासेमारी आणि कंदमुळे-मध यांवर जगणारे काही शेकडे लोक असून, १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी बाहेरच्या माणसांना दूरच ठेवले होते. जिरकाटांग येथील नाक्यावरून ठरावीक वेळी गाड्यांचा ताफा पोलीस बंदोबस्तात सुटतो. वाटेत गाडी थांबवणे, खाद्यपदार्थ देणे, छायाचित्र काढणे हे सारे १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली गुन्हे ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रस्त्याचा राखीव क्षेत्रातील भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही वाहतूक चालू राहिली. बाराटांग बेटावरील चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी ही स्थळे पाहण्याजोगी खरी, पण अनेकांच्या मनात त्या प्रवासाचे खरे आकर्षण ‘जारवा दिसतील का’ हेच असते. माणसांना पाहायला निघणे ही वृत्ती सुसंस्कृत समाजाला शोभत नाही. बाराटांगला जायचेच असेल तर समुद्रमार्गाने जावे, आणि तो मिळत नसेल तर गुहा न पाहता परतण्यात काही गमावले जात नाही. उत्तर सेंटिनेल बेटावर तर कोणालाच जाण्यास परवानगी नाही. तेथील लोकांना बाहेरच्यांचा संपर्क नको आहे आणि त्यांचा तो निर्णय मानला जातो.

आजचे अंदमानी नागरिक मात्र बहुतांशी बाहेरून आलेल्यांचे वंशज आहेत आणि त्यांची सरमिसळ हा या बेटांचा फार सुंदर भाग आहे. शिक्षा संपल्यावर येथेच संसार मांडलेल्या बंदिवानांची कुटुंबे, १९२० च्या दशकात आणलेले मलबारचे मोपला, संयुक्त प्रांतातले भांतू आणि ब्रह्मदेशातले कारेन, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित, छोटा नागपूरमधून जंगलकामासाठी आलेले व सरसकट ‘रांची’ म्हटले जाणारे आदिवासी, आणि शिवाय तमिळ व तेलुगू व्यापारी असे सारे येथे एकमेकांशी हिंदीत बोलतात. १९४२ च्या जपानी स्वारीपूर्वी स्थायिक झालेल्या कुटुंबांना ‘प्री-४२’ म्हणतात, आणि उर्वरित भारताचा उल्लेख बोलताना ‘मेनलँड’ असाच होतो. बंगाली निर्वासितांनी नील बेटावरच्या आपल्या वस्त्यांना सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी नावे दिली, आणि भाताची खाचरे, सुपारी, नारळ व भाजीपाल्याचे मळे उभे केले. जानेवारी २०२३ मध्ये एकवीस निनावी बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली; त्यांत कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांचेही एक बेट आहे.

किनाऱ्यांविषयी जाहिरातींतून पुष्कळ सांगितले जाते, मात्र तेथील वाळू कशी तयार होते हे क्वचितच सांगितले जाते. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील राधानगरचा किनारा काय किंवा शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील, येथील भरतपूरचा काय, तेथील पांढऱ्या वाळूचा मोठा भाग दगडाचा नसून प्रवाळांचा आणि शंखशिंपल्यांचा चुरा आहे. प्रवाळ हे अतिशय लहान मऊ जीव असून ते स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात, त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करून आपल्या यजमानाला पोसतात. प्रवाळांचा रंग त्या शैवालांमुळे येतो. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी हे खडक कुरतडतो, शैवाल पचवतो आणि चुन्याची भुकटी बाहेर टाकतो, आणि अशा रीतीने किनाऱ्यावरची वाळू वर्षानुवर्षे जमत राहते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात, यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानातील प्रवाळांना त्याचा जबर फटका बसला.

भरतपूरला ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरते आणि प्रवाळांचा सपाट कट्टा उघडा पडतो. गुडघाभर पाण्याच्या डबक्यांत समुद्रकाकडी निपचित पडलेली असते, दगडाच्या फटीतून ठिसूळताऱ्याचा एखादा हात वळवळतो, आणि खडकात रुतलेला मोठा शिंपला आपली निळी-जांभळी किनार उघडून बसलेला दिसतो. माणसाची सावली पडताच तो मिटतो. पाय ठेवताना येथे खाली बघूनच ठेवावा लागतो, कारण एका पावलाखाली मोडलेला प्रवाळ पुन्हा वाढायला कित्येक वर्षे घेतो. वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले असून, त्यातील जॉली बॉय आणि रेडस्किन ही बेटे वर्षातून आळीपाळीने उघडली जातात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. तेथे प्लास्टिक नेण्यास बंदी आहे. मृत प्रवाळ आणि शंख उचलून आणणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा असून विमानतळावर सामान तपासले जाते.

वन्यजीवांच्या बाबतीत प्रवाशाची एक गैरसमजूत रॉस बेटावरच दूर होऊ शकते. १८५८ पासून ब्रिटिशांचे मुख्यालय असलेले आणि आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हटले जाणारे हे बेट वडवर्गातील झाडांच्या मुळांनी गिळलेल्या चर्चसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील चितळे पर्यटकांच्या हातून खाऊ घेतात. ही चितळे येथली नव्हेत. ब्रिटिशांनी शिकारीसाठी ती आणली. वाघ-बिबट्यांसारखा कोणताही शिकारी प्राणी या बेटांवर नसल्यामुळे ती बेसुमार वाढली आणि जंगलातील कोवळी रोपे खाऊन त्यांनी नवी झाडे उगवणे मुश्कील केले. अंदमानचे खरे वैभव पक्षी, सरडे, वटवाघळे आणि समुद्री जीव यांत आहे: नारकोंडम या एकाच छोट्या बेटावर राहणारा नारकोंडम धनेश, अंदमानी काष्ठकपोत, खाडीतल्या समुद्री गवतावर चरणारा शांत डुगाँग. मोठ्या निकोबारातील मेगापोड हा पक्षी तर अंड्यांवर बसतच नाही. तो माती आणि पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी पुरतो, आणि शेणखताच्या ढिगात हात घातल्यावर शेतकऱ्याला जी ऊब जाणवते तशाच कुजण्याच्या उबेवर पिल्ले निघतात. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ज्या ऑलिव्ह रिडले कासवांसाठी लोक जमतात, तीच दिगलीपूरजवळ कालीपूरला येतात; जगातले सर्वांत मोठे चामडपाठी कासव मात्र लहान अंदमान आणि मोठ्या निकोबारच्या किनाऱ्यांवर अंडी घालते.

मोठ्या निकोबारमधील गॅलेथिया उपसागर या चामडपाठी कासवांचे प्रमुख विणीचे ठिकाण असून, तेथेच मोठे मालवाहू बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी तेथील अभयारण्याचा दर्जा आधीच, जानेवारी २०२१ मध्ये, काढून घेण्यात आला होता. देशाच्या सुरक्षिततेची गरज नाकारण्याचे कारण नाही, परंतु जे वर्षावन आणि त्यात राहणाऱ्या ज्या शोंपेन आदिवासींचे घर एकदा गेल्यावर पुन्हा उभे करता येणार नाही त्यांची किंमत या हिशेबात फार कमी धरली गेली आहे.

शेतकऱ्याच्या डोळ्यांना सर्वांत बोलकी जागा राजधानीजवळचे सिप्पीघाट ही आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत अंदमानचा उत्तर भाग काहीसा वर उचलला गेला, प्रवाळ उघडे पडून मेले, आणि दक्षिण भाग खाली खचला. मोठ्या निकोबारच्या दक्षिण टोकावरील इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ चार मीटरांहून अधिक खचून पाण्यात उभा राहिला. सिप्पीघाटची भातखाचरे त्या दिवसापासून खाऱ्या पाण्याखाली गेली. बांधांच्या रेषा आणि वठलेल्या माडांची खोडे यांवरून जुने शेत ओळखता येते. आता तेथे अंदमानी बदके आणि बगळे चरतात व पक्षीनिरीक्षक दुर्बिणी लावतात. काळी जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू मानणाऱ्या परभणीच्या माणसाला एका सकाळी शिवार समुद्राच्या हवाली होऊ शकते ही गोष्ट तेथे उभे राहिल्याशिवाय पटणार नाही.

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात राजधानीत पाणी तोटके असते, याकडेही मराठवाड्याच्या प्रवाशाचे लक्ष जावे. उतार तीव्र, माती उथळ, नद्या आखूड, त्यामुळे पडलेले पाणी काही तासांत समुद्रात जाते. धनीखारीच्या धरणावर शहराची भिस्त असते आणि ते आटले की नळ एक-दोन दिवसांआड येतात. येलदरी धरणाचा साठा कमी झाल्याच्या बातम्या वाचत वाढलेल्या जिंतूर-परभणीकडच्या माणसाला टंचाई म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, म्हणून हॉटेलातील नळ जपून वापरण्याची अपेक्षा त्याच्याकडून इतरांपेक्षा अधिक धरता येते.

झरी-परभणीकडून निघणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा, सहल कंपनीच्या चार दिवसांच्या घाईत न अडकता निदान आठवडाभर सवड काढावी, सेल्युलर जेलसाठी एक पूर्ण सकाळ राखावी आणि राजधानीतील मानवशास्त्र संग्रहालय आधी पाहून मग कोठड्यांकडे जावे. जारवांच्या रस्त्यावरची गाडी नाकारावी, प्रवाळ वा शंख पिशवीत घालू नये, आणि मुलांना बरोबर न्यावे; सावरकरांची कोठडी दाखवताना त्याच भूमीवर १८५९ मध्ये धनुष्य घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांची गोष्टही त्यांना सांगावी.